चार डझन पेले

साहेबांनी खोक्यातलं गवत बाजूला सारलं, पहिला पेला वर काढून उन्हात धरला, आणि सुबरावला एकदम हायसं वाटलं. झालं ते एवढंच. सकाळचे नऊ वाजले असतील. कॅम्पातल्या बंगल्याच्या व्हरांड्यात खोकं उघडून पडलं होतं, पलटणीच्या मैदानावरून बिगुलाचे तुटक सूर येत होते, आणि साहेबांच्या बोटांत अंगठ्याएवढा काचेचा पेला चकाकत होता. असे चार डझन. साहेबांच्या देशातल्या कुठल्याशा ख्रिस्ती मंडळीनं बेळगावच्या मंडळीला भेट म्हणून बोटीतून धाडलेले. "सुबराव, हे पाहा," साहेब आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "आता प्रभुभोजनाच्या वेळी प्रत्येकाला त्याचा त्याचा पेला. रोगराईचे भय नाही." सुबरावनं मान डोलावली. मंडळीचा उपदेशक तो. लोकांना हे नीट समजावून सांगायचं काम त्याच्याकडंच येणार होतं, आणि तसं ते आलंही. पण तो मान डोलावत होता ती त्यासाठी नव्हे. छातीवरचा बावीस वर्षांचा धोंडा कुणी अलगद उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला वाटलं होतं, आणि पुढच्याच क्षणी त्या वाटण्याची त्याला भीती वाटली. गावोगाव हिंडून शुभवर्तमान सांगणाऱ्या माणसाला सुटका वाटावी ती कशानं, तर एवढ्याशा काचेनं.

"तुम्हीच म्हणाला होता ना," साहेब पेला परत गवतात ठेवत म्हणाले, "की काही लोकांना त्या प्याल्याचा संकोच वाटतो?" म्हणाला होता खरा. दोन वर्षांपूर्वी, खानापुराहून परतताना, दमणीत बसून. साहेबांनी सहज विचारलं होतं, सगळ्यांनी एका प्याल्याला ओठ लावायचे, ह्यात लोकांना काही वाटतं का? दमणीचा बैल चालत होता, झोप येत होती, आणि तोंडातून निघून गेलं, "होय साहेब, काही लोकांना वाटतं." साहेबांनी ते मनावर घेतलं, घरी पत्र लिहिलं, आणि सातासमुद्रापलीकडून हे खोकं आलं. ते 'काही लोक' म्हणजे कोण, हे साहेबांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मंडळीत चाळीस-पंचेचाळीस माणसं. त्यांतल्या बाकी कुणालाही त्या प्याल्याचं काही वाटत नव्हतं. काही लोक म्हणजे सुबराव एकटा.

बंगल्यातून निघून तो घराकडं चालू लागला आणि रस्त्यात आपण किती दमलो आहोत हे त्याला जाणवलं. बेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे. पण बावीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक लबाडी करायची, तीही देवासमोर, तीही भर मंडळीत, म्हणजे माणूस आतून झिजतो. जुन्या साहेबांनी एक रीत घालून दिली होती. प्रभुभोजनात येशूच्या रक्ताची खूण म्हणून सगळ्यांनी एकाच प्याल्यातून रस घ्यायचा, तो प्याला मागच्या सतरंजीपासून निघायचा. शेवटले ते पहिले होतील, असं म्हणून ते तो चांदीच्या मुलाम्याचा प्याला स्वतः नेऊन दारालगत बसलेल्या काकतीच्या गावकुसाबाहेरच्या लोकांच्या हाती द्यायचे, आणि हातोहात, ओठोओठी तो पुढं पुढं सरकत अखेर पुढच्या बाकावरच्या उपदेशकाकडं यायचा. जुने साहेब मायदेशी गेले, वारले. रीत तशीच राहिली. सुबरावच्या हाती प्याला यायचा तेव्हा त्याची कड चाळीस तोंडांनी ओली झालेली असायची. तो डोळे मिटायचा. ओठ गच्च मिटायचा. प्याला तिरका करायचा, रस वरच्या ओठाला लागला न लागलासं करायचा, आणि रुमालानं तोंड पुसून प्याला मेजावर नेऊन ठेवायचा. बघणाऱ्याला वाटावं, मास्तर किती भक्तिभावानं घेतात. नव्या माणसांना तर प्रभुभोजन कसं घ्यावं हे मास्तरांकडं बघून शिका, असं सांगायचे.

त्याला देवाचं काही खोटं वाटत नव्हतं. हीच तर अडचण होती. खोटं वाटलं असतं तर एव्हाना कुठं कारकुनी धरून सुखात राहिला असता. वडगावच्या साळ्याचं पोर ते. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला बाप, दिवसभर धोट्याची खटखट, घरात ओल्या खळीचा आंबूस वास, आणि आई राजाबाई. तिचं सोवळं-ओवळं भटाच्या वरताण. सहा-सात वर्षांचा असताना जत्रेत तहान लागली म्हणून तो कुणाच्याशा गडूतून पाणी प्यायला, आणि त्या माणसाची जात मागून कळली. राजाबाईनं त्याला परसात नेऊन जीभ बाहेर काढायला लावली आणि चुलीतली राख बोटावर घेऊन ती जीभ घासली. रागानं नव्हे. रडत घासली. वीस वर्षांचा झाल्यावर मिशनच्या शाळेत मास्तरकी करताना त्यानं शुभवर्तमान वाचलं, रात्री उशाशी घेऊन झोपला, आणि एकोणीसशे चार सालात बाप्तिस्मा घेतला. राजाबाईनं त्याच्या नावानं अंघोळ केली. तेही त्यानं सोसलं. शुभवर्तमानातलं वाक्यन् वाक्य त्याला पटलं होतं. देवाजवळ कुणी उंच नाही, कुणी नीच नाही; सगळ्यांचं पाप एकानं आपल्या अंगावर घेतलं; आता कुणी कुणाला विटाळ नाही. डोक्यातलं सगळं गेलं होतं. घशातलं गेलं नव्हतं. पहिल्या प्रभुभोजनाच्या वेळी ओठांशी प्याला आला आणि घसा आपण होऊन मिटला. त्यानं पुष्कळ प्रार्थना केली. पुढच्या महिन्यात होईल, म्हणाला. पुढच्या महिन्यात झालं नाही. सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात, आणि सुताच्या पिळावर पोसलेल्या घरात जन्मलेल्याला ते कुणी वेगळं शिकवायला नको होतं. मग पुढं पुढं त्यानं प्रार्थना करायचंही सोडलं, कारण मागितलेलं मिळालं तर ते प्यावं लागणार होतं.

घरी जयवंता अंगणात धुणं वाळत घालत होती. छप्पन्नच्या, म्हणजे सन एकोणीसशेच्या, दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आलेली पोर ती. आईबाप कुठले, जात कुठली, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा त्यानं दोनदा विचारलं होतं, "गाव कुठलं आठवतंय का?" नाक सरळ आहे, रंग उजळ आहे, मराठ्याची नाहीतर साळ्याचीच असणार, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं आणि तिच्या हातचं वीस वर्षं चवीनं जेवला. ठरवून टाकायला काय जातं? "पेले आले म्हणं," जयवंता म्हणाली. असल्या बातम्या त्याच्या आधी घरी पोचत. "आता मनुका कमी लागतील की जास्त?" प्रभुभोजनाचा रस तीच करायची, शनिवारी मनुका भिजत घालायच्या, रविवारी पहाटे कुसकरून उकळून गाळायच्या. तो म्हणाला, "बघू." ती पिळलेलं लुगडं झटकत, त्याच्याकडं न बघता म्हणाली, "बरं झालं पण. प्रभुभोजनाच्या दिशी घरी आल्यावर दोन-दोन वेळा तोंड धुतासा तुमी. आता न्हाय धुवायला लागायचं." तिच्या आवाजात टोचणी नव्हती. तो उंबऱ्यात उभाच राहिला. तिनं आणखी काही म्हणावं अशी त्यानं वाट पाहिली, पण तिनं दुसरा पिळा उचलला होता.

तीन-चार दिवस त्यानं काही केलं नाही. शाळेत पोरांना बाराखडी घोकायला लावून खिडकीबाहेर बघत बसला. त्याला राहून राहून निपाणी आठवत होती. साथीच्या तापानंतरचं साल, एकोणीस की वीस. काकतीचा भरमू त्याच्याबरोबर होता. येशूच्या गोष्टींच्या चित्रांची लांबच लांब गुंडाळी खांद्यावर टाकून भरमू गावोगाव चालायचा, झाडाच्या फांदीला ती टांगायचा, आणि सुबराव बोलायचा. निपाणीच्या बाजारात तंबाखूनं भरलेल्या बोदांचा वास घशात चढत होता, आणि सुबराव दोन तास घसा कोरडा होईतो सांगत होता, देवाच्या मेजावर सगळ्यांना जागा आहे. मग दोघं चहाला गेले. हॉटेलाच्या वळचणीला एक कोनाडा होता, त्यात दोन टवके उडालेल्या कपबश्या. भरमूनं न सांगता त्यांतली एक उचलली, हॉटेलवाल्यानं वरून चहा ओतला, भरमू पायरीखाली उकिडवा बसून प्याला, कप विसळला, परत कोनाड्यात ठेवला. सुबराव आत बाकड्यावर बसला होता. कुणी त्याला जात विचारली नव्हती. तोंडावर ती लिहिलेली असते. उठून भरमूशेजारी पायरीवर बसायला त्याला चार पावलं चालावं लागलं असतं. चहा गरम होता, पाय दुखत होते. बाहेर आल्यावर भरमू गुंडाळी खांद्यावर चढवत म्हणाला, "तुमी आत बसलासा त्येच बरं केलासा मास्तर. न्हायतर त्यो तुमास्नीबी भायेर बसिवला आसता." आणि थोडं चालून गेल्यावर, स्वतःशीच हसत, "हाटेलात काय का आसंना. आयतवारी प्याला सगळ्यांचा हाय की." कोल्हापूरच्या वाटेवर वडाच्या सावलीत दोघांनी भाकरी सोडली, आपली आपली.

शुक्रवारी तो काकतीला गेला. जाणं भागच होतं. रविवारी पेले फिरायचे आणि त्याआधी दारालगतच्या लोकांना कल्पना द्यायची होती. त्यांतली मोठी म्हणजे बायाक्का, भरमूची भावजय. साठीची, कोरड्या अंगाची विधवा. वस्तीत आधी बाप्तिस्मा घेतला तो तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, आणि प्रभुभोजनाचा प्याला धुऊन पुसून कपाटात ठेवायचा मान जुन्या साहेबांनी तिला दिलेला. कुणी तो तिच्याकडून घेऊ म्हटलं असतं तर तिनं रणकंदन केलं असतं. ती घरापुढं भुईमुगाच्या वेलांचा ढीग घेऊन शेंगा तोडत बसली होती. भरमू रानात होता. "या मास्तर," म्हणाली, आणि वाकळ पुढं सरकवली. तो बसला. साहेबांनी दाखवायला दिलेला पेला त्यानं रुमालातून सोडून तिच्या हातात दिला. तिनं तो मातीनं भरलेल्या बोटांत फिरवून फिरवून बघितला.

"ह्यातनं एकट्यानंच प्यायाचं?"

"होय. ज्याचा त्याचा वेगळा."

"म्हंजे हाटेलावाणी."

"तसं नव्हे, बायाक्का. इथं सगळ्यांनाच वेगळा. साहेबांनासुद्धा. रोगराई पसरू नये म्हणून."

"आटरा सालात मुडदं उचलाय माणूस न्हवता, तवा प्याला फिरत हुता की. तवा रोग न्हवता व्हय?" तिनं पेला परत त्याच्या रुमालावर ठेवला. "आन सगळ्यास्नीच येगळा दिला म्हंजे मग कुणाचं काय कळायचंच न्हाय."

ऊन तिरपं झालं होतं. शेंगा टोपलीत पडत होत्या. पाठ केलेलं पुष्कळ होतं त्याच्याकडं, आरोग्याचं, पुढारलेल्या देशांचं. पण तोंड उघडायचाच त्याला इतका कंटाळा आला की त्या कंटाळ्यातूनच खरं बाहेर पडलं. "हे पेले माझ्यामुळं आलेत, बायाक्का. मीच साहेबांना म्हटलं, लोकांना संकोच वाटतो. लोकांना नाही. मला."

बायाक्काचा हात थांबला नाही. "ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तुमी पीत न्हाईसा त्ये." तिनं वेल झटकला, माती पाडली. "प्याला धुवायला मीच न्हेती न्हवं? तळाला कायम एक घोट. आदी वाटलं, ऱ्हात आसंल. मग एका आयतवारी दाराआडनं बघिटलं. प्याला तोंडाला हुता, पर तुमचा गळा हलला न्हाय."

त्याच्या कानांत गरम झालं. शाळेत चोरी पकडलेल्या पोराचं होतं तसं. "कधीची गोष्ट ही?"

"लई जुनी. भरमूच्या बाप्तिस्म्याच्या आदीची."

"आणि तो घोट?"

"पिऊन टाकायची मी." एवढं सरळ विचारायचं काय त्यात, असं तिनं त्याच्याकडं बघितलं. "प्रभूचं रगत म्हणतासा न्हवं? मोरीत कसं वतायचं? आन दुसऱ्या कुणी बघिटलं म्हंजे? तुमच्या वाटणीचं हाय म्हणायचं आन प्यायाचं. हौदामागं हुबं ऱ्हाऊन. म्हैन्याच्या म्हैन्याला."

त्यानं पेला रुमालात गुंडाळला. मग म्हणाला, "मी रविवारी उभा राहून सगळ्यांना सांगून टाकतो. पेल्यांचं आणि ह्याचंही."

आता मात्र बायाक्काचा हात थांबला. "आन मग?"

"मग काय? खरं ते खरं."

"तुमचं मन हलकं हुईल. भरमूचं काय हुईल?" ती आवाज न चढवता बोलत होती, चुलीवरच्या भाकरीबद्दल बोलावं तसं. "त्येनं बाप्तिस्मा कशापायी घ्याटला, ठाव हाय तुमास्नी? तुमी सांगितलासा त्यापायी न्हवं. प्रभू सुळावर मेला, तिसऱ्या दिशी उठला, ह्ये समदं त्येला मागनं कळलं. आदी त्येनं बघिटलं की साळ्याचा पोरगा आमच्या मागनं, आमच्या उष्ट्याला तोंड लावतोय. त्या रातीला घरी यून रडला त्यो. म्हणाला, वैनी, ह्ये खरं आसंल तर बाकीचंबी खरं आसंल. त्याच्या मागनं अकरा घरं आली. आन आता तुमी हुबं ऱ्हाऊन सांगणार, मी तवा पीत न्हवतो." ती पुन्हा शेंगा तोडू लागली. "नगा सांगू मास्तर. लई दिस झालं. ऱ्हाऊ द्या."

परत येताना वाटेत एक मोटार धूळ उडवत गेली आणि त्यानं ती धूळ तशीच अंगावर बसू दिली. कबुली देऊन मोकळं व्हावं, ही एवढी एकच वाट त्यानं मनात राखून ठेवली होती, आणि ती बायाक्कानं शेंगा तोडता तोडता बंद करून टाकली होती. तो किती वेळा बोलला होता त्या बागेबद्दल, पकडला जाण्याआधी येशू जिथं गुडघे टेकून म्हणाला, हा प्याला माझ्यापुढून टळो. लोकांना तो विचारायचा, काय होतं त्या प्याल्यात? आणि आपणच उत्तर द्यायचा, आपल्या वाटणीचं कडू. जे आपल्याच्यानं गिळवत नव्हतं ते त्यानं आपल्या नावानं गिळलं, हेच शुभवर्तमान, दुसरं काही नाही. हुकेरीत सांगितलं, संकेश्वरात सांगितलं, निपाणीच्या बाजारात सांगितलं. ऐकणाऱ्यांतले काही रडलेसुद्धा. आणि तो सांगत होता ती सगळी वर्षं, महिन्याच्या महिन्याला, प्रार्थनामंदिराच्या हौदामागं एक बाई उभी राहून त्याच्या वाटणीचं पीत होती, त्याला कळू न देता, त्याच्याकडून काही न मागता. दुसऱ्याला ब्रह्मज्ञान सांगणारा कोरडा पाषाण म्हणतात तो हाच, ओठांपर्यंत कोरडा. त्याला लाज वाटली, पण लाजेपेक्षाही जास्त, आपल्याला कधीच्या काळी क्षमा होऊन गेली आणि आपण इथं अजून अर्ज लिहीत बसलो आहोत, असं काहीतरी वाटलं. ते त्याला सुखाचं वाटलं नाही. ओझं उतरल्यासारखं तर मुळीच नाही. उलट आता त्याच्याकडं सबब उरली नव्हती.

शनिवारी सकाळी तो बंगल्यावर गेला आणि साहेबांना म्हणाला, "ह्या रविवारी जुनाच प्याला फिरू द्या. शेवटचा. लोकांना सवय आहे." साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. पेले फिरवायचं लाकडी ताट अजून सुताराकडून यायचं होतं, त्यामुळं त्यांना ते सोयीचंच पडलं. "ठीक. मग पुढल्या महिन्यापासून प्याला कपाटात," ते म्हणाले. "आठवण म्हणून ठेवू." घरी येऊन त्यानं जयवंताला मनुका भिजत घालायला सांगितल्या. तिनं किती म्हणून विचारलं. नेहमीएवढ्या, तो म्हणाला.

रविवारी तो पुढच्या बाकावर बसला. भाकरीचे तुकडे फिरले, त्यानं आपला खाल्ला. मग साहेब प्याला घेऊन मागं गेले. मागं वळून बघायची त्याला गरज नव्हती. बावीस वर्षांत त्याला तो नुसता ऐकूनही कळायचा. दाराशी बायाक्का. तिच्यामागून म्हातारी नागुबाई, तिला दात नाहीत, ती कड चोखते. मग कुणाचंतरी तान्हं रडलं, म्हणजे हिंडलग्याची सून. मग पुरुषांची बाजू. कुणीतरी खोकलं आणि खोकल्यानंतर प्यालं. तो खोकला त्यानं स्वतःच्या पाठीवर पडल्यासारखा अंग चोरून घेतला. देव आठवावा म्हणून त्यानं डोळे मिटले तर राजाबाई आठवली, राखेचं बोट घेऊन, रडत. आई, आता पुरे, तो मनात म्हणाला. आई हटली नाही. ती मेल्याला नऊ वर्षं झाली होती आणि तिच्या मढ्याला त्याला हात लावू दिला नव्हता.

शेवटचा भरमू; चित्रांची गुंडाळी वाहायला लागल्यापासून त्याची जागा सुबरावच्या मागं होती. तोही आता पिकला होता, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्यानं प्याला घेतला तो दोन्ही हातांनी, मोठा घोट घेतला, रानातून आलेला माणूस पितो तसा, आणि पुढं वाकून सुबरावच्या हाती दिला. त्याच्या मिशांतून एक थेंब प्याल्यात पडला. पडताना सुबरावनं बघितला. "घ्या मास्तर," भरमू हळूच म्हणाला. दर वेळी म्हणायचा. प्याल्याची कड कोमट होती. तळाशी काळसर रस, आणि त्यात कुणाच्यातरी तोंडातून सुटलेला भाकरीचा एक फुगलेला कण.

सवयीनं ओठ मिटले. हात सवयीनं तिरका झाला, रस वरच्या ओठाला टेकला, आता रुमाल काढायचा आणि संपलं. पुढल्या महिन्यापासून आयुष्यभर स्वच्छ काच, कुणाला काही कळणार नाही, भरमूचं शुभवर्तमान भरमूजवळ सुखरूप राहील. तसं राहू द्यायला काही हरकतही नव्हती. बायाक्कानं तेच सांगितलं होतं. पण ते शुभवर्तमान खरं करायला जगात आता एवढाच एक घोट शिल्लक होता, आणि तो आपण घेतला नाही तर थोड्या वेळानं एक साठीची बाई तो हौदामागं घेणार, हे त्याला ठाऊक झालं होतं. ठाऊक नव्हतं तोवर ठीक होतं. त्यानं दातांची कवाडं उचकटली. रस तोंडात आला, कोमट, गोड, त्या कणासकट, आणि घसा भिंतीसारखा उभा राहिला. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. साहेब पुढलं गीत काढायला थांबले होते. मग त्यानं गिळलं. श्रद्धेनं नव्हे, बळानं; कडू काढा पोराच्या नरड्यात ओततात तसं आपणच आपल्याला पाजलं.

काही उजळलं नाही. शांती वगैरे काही उतरली नाही. पोटातून उमाळा वर आला आणि तो रुमाल तोंडावर दाबून गीत संपेतो खाली मान घालून बसला. सगळे उभे राहून गात होते. भरमूचा भसाडा आवाज सगळ्यांच्या वर, नेहमीसारखा एक मात्रा मागं. आशीर्वाद झाल्याबरोबर सुबराव मागल्या दारानं बाहेर पडला, हौदामागं गेला, आणि भिंतीला हात लावून वाकून उभा राहिला. तोंडात आंबट पाणी सुटत होतं. उलटी आता येते की मग, असं झालं होतं. ती येऊ द्यायची नाही, एवढंच तो म्हणत होता, देवाला की स्वतःला कुणास ठाऊक. बाकी काही नको, हा एवढा घोट पोटात राहू दे.

पावलं वाजली. बायाक्का प्याला घेऊन आली होती. तो तिथं उभा असेल ह्याची तिला कल्पना नव्हती; ती जागा तिची होती. ती थबकली. मग सवयीनं तिनं प्याला उचलून तोंडाशी नेला आणि हात मध्येच राहिला. तिनं आत बघितलं. प्याला उपडा केला. काही पडलं नाही. तिनं पुन्हा आत बघितलं, मग त्याच्याकडं, त्याच्या ओल्या कपाळाकडं, तोंडावरच्या रुमालाकडं, आणि मग बराच वेळ त्याच्या गळ्याकडं.

त्यानं रुमाल तोंडावर तसाच दाबून धरला. तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं.

बायाक्कानं प्याला काखेत धरला, कमरेची चंची सोडली, आत बोटं घालून चाचपलं आणि एक लवंग काढून त्याच्यापुढं धरली.

"दाढंत धरा," ती म्हणाली. "पयल्यांदा आसंच हुतंय."